‘बडवलं’ला हिंदीत काय म्हणतात

मी पेशानं अनुवादक आहे. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात सव्वीस वर्षं इंग्रजीचं हिंदी आणि हिंदीचं इंग्रजी करत आले. मराठीची तिथं कधी गरज पडली नाही. मराठीतून हिंदीत असा तोंडी अनुवाद मी आयुष्यात एकदाच केला. एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, आमच्या सरकारी क्वार्टरच्या जिन्यात उभं राहून, एका महिला पोलिसासाठी. वाक्य तीन शब्दांचं होतं. ते मी बदलून सांगितलं.

चुकून नाही. मला तो शब्द येत होता.

हे मी सात वर्षं कुणाजवळ बोलले नाही, नवऱ्याजवळही नाही. मला मुळात बोलायचा कंटाळा. दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे नेण्यात दिवस जातो, स्वतःचं वाक्य करायची वेळ येत नाही. आता लिहायला बसले ती मन हलकं करायला, असं कुणी म्हणेल. असेलही. पण खरं म्हणजे मला कुतूहल आहे. कानात एक शब्द शिरला आणि तोंडातून दुसराच बाहेर पडला. मध्ये फार तर दोन सेकंद गेले असतील. त्या दोन सेकंदांत काय झालं ते मला शोधून काढायचंय.

तेव्हा आम्ही दक्षिण दिल्लीतल्या एका सरकारी वसाहतीत राहायचो. एका जिन्याला सहा घरं. आम्ही पहिल्या मजल्यावर, आणि बरोबर आमच्या डोक्यावर ते तिघं: तो, ती आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. तो एका मंत्रालयात सहायक होता. ती साताऱ्याकडच्या खेड्यातली, बारावी झालेली, लग्न करून थेट दिल्लीत आलेली. जिन्यात मराठी घरं दोनच, त्यामुळे ओळख व्हायला काही वेळ लागला नाही. ती मला ताई म्हणायची, तो वहिनी.

तो माणूस चांगला होता. म्हणजे आम्हाला. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वसाहतीच्या गणपतीत मांडवाच्या दोऱ्या बांधण्यापासून निर्माल्य गोळा करण्यापर्यंत सगळीकडे हाच. एका दुपारी माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यानं त्यांना पाठीवर घेऊन जिना उतरवला, स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलात नेलं आणि पुढे पाच दिवस डबा पोचवला. डबा ती करायची, पोचवायचा तो. आभार आम्ही त्याचे मानले.

वरून आवाज यायचे. बहुतेक सुट्टीच्या दिवशी. आधी काहीतरी पडल्याचा, मग पलंग की खुर्ची सरकल्याचा, मग तिचा, दाबलेला. एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. वरचा आवाज सुरू झाला की आमच्या जिन्यातल्या सगळ्या घरांचे आवाज वाढायचे. कुणी ठरवलं नव्हतं. खालचे बंगाली काका बातम्या मोठ्या करायचे, समोरच्या पंजाबी बाई भजनं लावायच्या, मी मिक्सर चालू करायची. वाटायला काही नसलं तर साखर घालायची. त्या दोन वर्षांत आमच्याकडची पिठीसाखर कधी संपली नाही.

मुलांनाही कळायचं. जिन्यात खेळत असली तर आपणहून उठून खाली बागेत जायची. एकदा मी समोरच्या बाईंच्या नातीला विचारलं, “का गं, डाव अर्धा टाकून कुठं चाललात?” ती म्हणाली, “अभी ऊपर वाले अंकल का टाइम है, आंटी.” शाळेतला तास सांगावा तशी.

त्या वर्षी जानेवारीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं. करोल बागेतून वाण म्हणून स्टीलच्या छोट्या चाळण्या आणल्या होत्या. वसाहतीतल्या नऊ-दहा मराठी बायका जमल्या.

“यंदा चाळणी? म्हणजे आमच्यातलं काय काय गाळायचं ठरवलंयत?” एकीनं विचारलं.

“तुझ्यातलं गाळलं तर उरेल काय?” दुसरी म्हणाली.

वरच्या मजल्यावरची ती सगळ्यांत शेवटी आली, मुलीचा हात धरून. मी कुंकू लावायला बोट पुढं केलं तर तिनं डोकं मागं घेतलं. केसांच्या रेषेपाशी कपाळावर जांभळट टेंगूळ होतं, त्यावर पावडर थापलेली. माझं बोट तसंच राहिलं.

“लागलं,” ती म्हणाली. “कपाटाचं दार.”

“ही सरकारी कपाटं म्हणजे ना,” मघाशी चाळणीवरून विचारणारी लगेच म्हणाली. “सुतार बोलवा, दार घासून देईल.”

“आमच्याकडच्या दारानं मला कधी नाही बाई लागलं.”

“तुमच्याकडचं दार तुम्हालाच घाबरत असेल.”

सगळ्या हसल्या. तीही हसली. मी टेंगूळ चुकवून जरा खाली कुंकू टेकवलं आणि तिच्या हातात चाळणी दिली.

त्या ‘लागलं’चं मला नंतर फार नवल वाटायला लागलं. मराठीत काय काय लागतं ते मी एकदा मसुद्याच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून काढलं होतं. भूक, तहान, ठेच, उचकी, वेड, नजर, बोट, गाडी, सवय. सगळं आपसूक. लागायला कुणी लावणारा लागत नाही. मूल रडत घरी आलं की आपण आधी विचारतो, कुठं लागलं? कुणी मारलं, हे नंतर. पुष्कळदा तोवर ते रडायचं थांबलेलं असतं, मग विचारायचं राहूनच जातं.

आणि ऑफिसात मी दुसरं काय करत होते? नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या वरिष्ठांनी, लखनौचे फार मृदू बोलणारे गृहस्थ, माझा मसुदा परत केला होता. “बेटा, ‘अधिकारी ने फाइल रोकी’ मत लिखो. लिखो, ‘फाइल में विलंब हुआ’. बात भी हो गई और किसी का नाम भी नहीं आया.” ते मी इतकं छान शिकले की पुढे नव्या मुलांना मीच शिकवायला लागले. विलंब होतो, त्रुटी राहते, कागद गहाळ होतो. करणारा कुणी नसतो.

हे कारण म्हणून सांगत नाही. सांगायला बरं वाटतं खरं, की व्यवसायाची सवय नडली. पण सवयीनं माणूस चूक करतो, आणि माझी चूक नव्हती, हे वर लिहिलंच आहे.

तो रविवार मार्चमधला. आवाज नेहमीसारखे सुरू झाले आणि थांबले. अर्ध्या तासानं जिन्यात बुटांची पावलं वाजली. दार उघडून पाहिलं तर एक महिला पोलीस आणि तिच्यामागे एक शिपाई वर चालले होते. मी अर्धा जिना वर गेले. उत्सुकता म्हणून गेले. मदत करायला गेले असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते.

वरचं दार सताड उघडं होतं. ती बाहेर, मुलीला कमरेशी धरून. गाल सुजलेला, केस सुटलेले. तो बनियनवर, अगदी शांत.

“आइए मैडम, अंदर बैठिए. चाय लेंगी?”

“फोन किसने करा था?” पोलीस हरियाणवी होती, उंच, कामाची घाई असलेली.

 मग मुलीची आई एकदम बोलायला लागली. रडत, भरभर, गावाकडच्या मराठीत. शब्दावर शब्द पडत होते.

“धीरे बोलो, बहन. मराठी मेरे पल्ले नी पड़ती.”

“मैं बता देता हूँ, मैडम, बात ये है कि...”

“आप चुप रहो. आप तो बताओगे ही.” मग तिची नजर माझ्यावर आली. “आप भी मराठी हो? के कह रही है ये?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडणं थांबवलं, पदरानं नाक पुसलं, आणि मला नीट ऐकू जावं म्हणून सावकाश म्हणाली, “ताई, सांगा ह्यांना. मला त्यांनी बडवलं.”

दोन वर्षं तिचं सगळं लागत होतं. कपाट, पायरी, नळाची तोटी. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या वाक्यात कर्ता आला होता.

आता ते दोन सेकंद. मला आठवतंय त्याप्रमाणे आधी तो शब्दच कानाला खटकला. मी नाशिकची. आमच्याकडे बडवतात ते ढोल, धुण्याच्या दगडावर कपडे, नाहीतर लाडानं पोरांना म्हणायचं, बडवीन हं. तो शब्द जिन्यात असा सगळ्यांसमोर पडला आणि मला लाज वाटली. तिची नाही, आमची. खालचे बंगाली काका जिन्यात येऊन उभे होते, समोरच्या बाईंचं दार किलकिलं होतं, आणि ही पोलीस. मराठी माणसं म्हणजे साधी, सभ्य, असं या जिन्यात आमच्याविषयी बोललं जायचं. मग त्याची पाठ दिसली. बनियनमधून दिसणारी तीच पाठ, जिच्यावरून माझा नवरा जिना उतरला होता. तिसरं कारण मला आता आता कळायला लागलंय. ‘पीटा’ म्हटलं असतं तर पुढे काहीतरी करावं लागलं असतं. मला, जिन्याला, सगळ्यांना. दोन वर्षं मिक्सर कशाला लावत होते, तेही कुणी विचारलं असतं.

मी म्हणाले, “कह रही हैं, आपस में कहासुनी हो गई. हाथ लग गया.”

पोलिसानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “हाथ लग गया? इतना?”

“जी.”

“शिकायत देनी है इसने?”

हे मी तिला मराठीत विचारलं, पण नुसतं विचारलं नाही. “तक्रार द्यायची का, म्हणतायत. केस होईल, ठाण्यात जावं लागेल, परत परत बोलावतील.” यातलं पहिलं वाक्य पोलिसाचं, बाकीची माझी. ती म्हणाली, “तुम्ही काय म्हणता, ताई?” मी म्हणाले, “लेकरू लहान आहे गं.” तिनं मान हलवली. पोलिसानं वहीत चार ओळी लिहिल्या, तिची सही घेतली, खाली माझी.

“थँक्यू, वहिनी,” तो म्हणाला. “आता वर आलाच आहात तर चहा घेऊन जा.”

मी चहा घेतला. तिनंच केला.

त्या वर्षाअखेरीस आम्हाला मोठं क्वार्टर मिळालं आणि आम्ही दुसऱ्या वसाहतीत गेलो. सुटल्यासारखं वाटलं. दिवाळीला, संक्रांतीला तिचा फोन यायचा, मी दोन मिनिटं बोलून ठेवून द्यायची.

मग गेल्या वर्षी भलत्याच महिन्यात फोन आला. तिनं घर सोडलं होतं. मुलीला घेऊन नोएडात राहत होती. पुण्या-मुंबईकडून आयटीत नोकरीला आलेल्या मुलींचं एक पीजी होतं, तिथं स्वयंपाक करायची. “एक कागद आहे, ताई. तुम्हालाच कळंल.” शनिवारी ती मुलीला घेऊन घरी आली.

मुलगी आता अकरा वर्षांची, उंच, चष्मा लागलेली. तिनं मला “नमस्ते मावशी” म्हटलं आणि सोफ्याच्या कडेला बसली. प्रकरण असं होतं. मुलीच्या आईनं कोर्टात अर्ज दिला होता, नवऱ्यानं आपल्या जवळ येऊ नये आणि मुलगी आपल्यापाशी राहावी म्हणून. त्यानं उत्तरात म्हटलं होतं की मारहाण कधी झालीच नाही, बाई भांडून निघून गेली, मुलगी मला द्या. आणि पुरावा म्हणून त्या रविवारची पोलिसांची नोंद जोडली होती. पुढची तारीख महिन्यानं होती. मुलगी कुणाकडे राहायची ते बहुधा त्या तारखेला ठरणार होतं.

“वाच गं,” ती मुलीला म्हणाली.

मुलीनं धड्यासारखं वाचलं. “दोनों पक्षों में आपसी कहासुनी के दौरान महिला को हाथ लग गया. महिला कोई कार्रवाई नहीं चाहती. पड़ोसन ने महिला की बात समझाई.”

“मी असं नव्हतं म्हटलं, ताई. मी बडवलं म्हटलं होतं. तुम्ही होता की तिथं. पोलिसांनी बदललं का हे? ह्यांनी ओळख लावली असंल.”

“मम्मी, बडवलं मतलब?” मुलीनं विचारलं.

“ताईंना विचार. त्यांचं कामच आहे ते.”

मी म्हणाले, “म्हणजे... जोर से मारना. बार बार.”

“पीटना?”

“हं. पीटना.”

“तो सिंपल है,” ती म्हणाली. “फिर लिखा क्यों नहीं?”

तिला एक सेकंदही लागला नव्हता. मी म्हणाले, “कागद ठेवून जा. बघते मी.” त्यांना पोहे केले. त्या गेल्यावर तो कागद मी शब्दकोशात ठेवला. शब्दकोश कपाटात ठेवला.

तेरा दिवस मी काहीही केलं नाही. पोलिसांनी बदललं, हे तिनंच म्हटलं होतं. मला नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं तर माझ्या हातचं. वरून एक नवीच शंका मनात घोळायला लागली: त्या दिवशी तिला माझं हिंदी कळलं नव्हतं का? ‘हाथ लग गया’ हे काही फार अवघड नाही. चार-पाच वर्षं दिल्लीत राहिलेल्या बाईला तेवढं कळायला हवं. कळलं असेल तर ती तेव्हाच का बोलली नाही? खोटं का बोलू, तिची थोडी चूक सापडली तर बरं, असंही त्यात होतं. चौदाव्या दिवशी रजा टाकली आणि मेट्रोनं नोएडाला गेले.

पीजीचं स्वयंपाकघर तळमजल्यावर. दुपारची वेळ. ती मेथी निवडत बसली होती. मला बघून उठली, हात पुसले, स्टूल दिलं. मी बसेपर्यंत एक मुलगी लॅपटॉप काखेत धरून आत डोकावली.

“काकू, आज पराठे करा ना, प्लीज.”

“पराठे खायचे तर दिल्लीला जा.”

“मग आपण कुठं आहोत?”

“यूपीत. इथं पोळी-भाजी मिळती.”

मुलगी हसत गेली. मी या बाईला इतक्या मोकळ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिला विनोद करता येतो हेच मला माहीत नव्हतं.

मी म्हणाले, “पोलिसांनी नाही बदललं. मी बदललं. तू बडवलं म्हणालीस, मी सांगितलं हात लागला.”

ती मेथीची पानं खुडत राहिली. एक जुडी संपली तेव्हा म्हणाली, “मला ऐकू आलं होतं.”

“काय?”

“‘लग गया’ म्हणालात ते. आलं होतं ऐकू.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तसंच म्हणत्यात.” तिनं डोळे वर केले. “मारलं म्हंजे एक चापट, हिंदीत ‘मारा’. ते येत होतं मला. बडवलंला हिंदीत काय म्हणत्यात ते कुठं ठाऊक होतं? तुम्ही सरकारी हिंदीतल्या. म्हटलं, कागदावर असंच म्हणायची रीत असंल. कहासुनी हो गई, हाथ लग गया. मी पाठच करून ठेवलं.”

मला पटकन कळलं नाही. “पाठ करून ठेवलं म्हणजे?”

“डॉक्टरला सांगायला. दोनदा गेले ना त्यानंतर दवाखान्यात. एकदा हात मोडला तेव्हा, आणि एकदा कानाचं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, कसं झालं? मी सांगितलं, कहासुनी हो गई, हाथ लग गया. मी तर सांगतच होते, ताई. दोन्ही वेळेला सांगितलं. मला वाटायचं, सांगूनसुद्धा कुणी काही करत कसं न्हाई.”

तिनं मेथीच्या काड्या गोळा करून कागदात गुंडाळल्या. दवाखान्याचे ते दोन्ही कागदही तिच्या वकीलबाईंकडे होते. दोन्हींवर ‘अचानक लगी चोट’ असं लिहिलेलं होतं.

मी दोन सेकंदांचा हिशेब लावत बसले होते. त्यापुढच्या सात वर्षांचा मला पत्ताच नव्हता. मी एकदा खोटं बोलले असं मला वाटत होतं. तिला मी ते शिकवून आले होते. तीही माझ्यावर विश्वास ठेवून, आपण खरंच सांगतोय असं समजून, ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

“पोलिसांना फोन कुणी केला होता?” मी विचारलं. हे मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी इतकी वर्षं बंगाली काकांना श्रेय देत होते.

“मीच की. पोरीच्या शाळेच्या डायरीत मागं नंबर छापलेला होता.” मग म्हणाली, “कोर्टात सांगाल का हे?”

“सांगेन.”

“बघा. मागं पण तुम्हाला सांगा म्हटलं होतं.”

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं.  ते म्हणाले, “निवृत्तीला सहा वर्षं राहिलीयत तुझ्या. अनुवादकानं कोर्टात जाऊन सांगायचं, मी खोटा अनुवाद केला? ऑफिसात कळलं तर?”

“कळू दे.”

“आणि त्यानं मला पाठीवरून नेलं होतं, ते?”

“अहो, ते पण सांगते की. दोन्ही खरंच आहे.”

ते उठून आत गेले. वाईट माणूस नाही. तारखेच्या दिवशी सकाळी मला मेट्रोपर्यंत सोडायला आले, कोर्टापर्यंत नाही आले.

तिच्या वकीलबाईंनी शपथपत्र तयार केलं होतं. मी ते वाचलं आणि एक वाक्य खोडलं. ‘अनुवाद में त्रुटि रह गई’ असं होतं. मी लिहिलं, ‘मैंने जानबूझकर गलत बताया.’ वकीलबाई म्हणाल्या, “मैडम, पहले वाला आपके लिए सेफ़ है.” मी म्हणाले, “बिल्कुल. इसीलिए.”

कोर्टाची खोली आमच्या सेक्शनसारखीच निघाली. ट्यूबलाइट, फायली, लोखंडी कपाटं. त्याचा वकील तरुण होता, फार सभ्य.

“आप कितने साल से अनुवादक हैं, मैडम?”

“छब्बीस.”

“छब्बीस साल में ऐसी गलती कितनी बार हुई?”

“गलती नहीं हुई. झूठ था. एक बार.”

“तो आप मानती हैं कि आप झूठ बोलती हैं. आज सच बोल रही हैं, ये हम कैसे मानें?”

प्रश्न रास्त होता. मी विचार केला आणि म्हणाले, “ये मुझे नहीं पता. शब्द क्या था, ये पता है.”

न्यायाधीशबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. “क्या था शब्द?”

“बडवलं.”

“हिंदी में?”

“पीटा. ‘उन्होंने मुझे पीटा.’ उसने ये कहा था. मैंने सुना, और मैंने कुछ और बताया.”

टाइप करणाऱ्या बाईंनी विचारलं, “बडवलं, स्पेलिंग?” आणि मी अक्षर अक्षर सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात तो उभा होता. केस पिकलेले, थोडा सुटलेला. मला बघून त्यानं हात जोडले. “नमस्कार, वहिनी. साहेबांची तब्येत कशी आहे?” आवाजात राग नव्हता. तीच जुनी आपुलकी. माझेही हात जोडले गेले, असं लिहिणार होते. मी हात जोडले. “बरी आहे,” म्हणाले. ती चार पावलांवर वकीलबाईंशेजारी उभी राहून बघत होती. माझ्याशी बोलली नाही. परतीच्या मेट्रोत ती आणि मी एकाच गाडीत होतो, पण ती बायकांच्या डब्यात गेली आणि मी दाराशी उभी राहिले.

दीड महिन्यानं फोन आला. अंतरिम आदेश निघाला होता. मुलगी तिच्याकडेच राहणार, त्यानं दोघींच्या जवळ यायचं नाही, शाळेपाशी सुद्धा नाही. बाकीचं प्रकरण पुढे चालणार.

“इंग्रजीत आहे का?” मी विचारलं. “पाठवतेस का? मराठी करून देते.”

“नको, ताई,” ती म्हणाली. “पीजीतल्या पोरींकडून वाचून घेतलं. एकीकडून न्हाई, दोघींकडून. एकीला स्वयंपाकघरात बसवलं, दुसरीला वर गच्चीवर. दोघींचं सारखंच निघालं.”